तुझ्या दहाव्याला मी बोलले

आत्या, तुला जे आवडणार नाही ते आधी सांगून टाकते. तुझ्या दहाव्याला, नदीच्या घाटावर, सगळ्या गावासमोर मी तात्यांची अब्रू काढली. पप्पांचीही काढली. मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. उलट त्या दिवसापासून मला भूक नीट लागते.

तू असतीस तर तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून म्हणाली असतीस, "रुते, काय मिळालं?" तुझा हा प्रश्न मला कधीच आवडला नाही. श्रीरामपूरच्या स्टँडवर आपण शेवटच्या भेटलो तेव्हाही यावरूनच वाजलं होतं. ते भांडण तसंच राहिलं, आणि तू मध्येच कायमची गेलीस. पहाटेच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलीस ती बसलीसच, असं तुझ्या डेपोतल्या बायकांनी मला सांगितलं. म्हणजे आता मी एकटीच बोलणार आणि तुला ऐकावं लागणार. आयुष्यभर कंडक्टर म्हणून तू प्रवाशांना बोलू दिलंस, आता मला बोलू दे.

तुला माहीत असलेलंच आधी सांगते. घाटावर मी तेच सांगितलं, फक्त इतक्या नीट सांगता आलं नाही.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये माझं हात धुणं सुरू झालं तेव्हा घरात सगळे खूश होते. पप्पा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची ऋतुजा बगा, दारात आलेल्या मानसाला आधी साबन दाखवती." तात्या, म्हणजे तुझे थोरले भाऊ, वस्तीवर आले की मी त्यांच्या चपलांवर सुद्धा पाणी मारायचे आणि ते हसायचे. कॉलेज मोबाईलवर आलं होतं, मैत्रिणी मोबाईलवर आल्या होत्या, आणि मोबाईल घरात एकच, तो पप्पांच्या खिशात. माझ्याकडं करायला दुसरं काही नव्हतं. मी धूत बसायचे. आधी हात, मग दाराची कडी, मग बाजारातून आलेली भाजी, मग नोटा. एकदा मी पप्पांचा मोबाईलच साबणाच्या पाण्यात बुचकळून काढला. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी हसलं नाही.

दुसऱ्या लाटेत आबा, तुझे वडील, गेले. बारावीची परीक्षा होणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी कॉलेजनं कसला तरी फॉर्म मागितला म्हणून मी श्रीगोंद्याला जाऊन आले होते. आठवड्यानं आबांना ताप आला. त्यांना नगरला नेलं आणि तिथूनच नेलं. आम्हाला तोंड बघायला मिळालं नाही. तू श्रीरामपूरला अडकलेली, तुलाही नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात चार माणसं लांब लांब बसलेली असताना तात्या म्हणाले, "हिच्याच पायानं आला घरात. फारम भरायला गेल्ती ना."

एवढंच म्हणाले. ओरडून नाही, पाऊस कधी येईल यावर बोलावं तसं. कोणी त्यांना गप्प केलं नाही. पप्पा जमिनीकडं बघत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला.

आबांना शेवटचा पाण्याचा तांब्या मी दिला होता, आत्या. ते मला माहीत होतं. तात्यांनी फक्त मोठ्यानं म्हटलं. त्या दिवसापासून माझे हात माझे राहिले नाहीत. मी ते अंगाला लागू नयेत म्हणून वर धरून झोपायचे. एकवीस वेळा धुवायचे, मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. कपड्याचा साबण, मग भांड्याची पावडर, मग फिनेल. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली. पप्पांनी बोअरची मोटर बंद केली, तर मी गुरांच्या हौदावर जायला लागले. आई ओरडली, रडली, पाया पडली. मग एके दिवशी पप्पांनी माझीच ओढणी घेतली आणि माझे दोन्ही हात बांधले. आईनं मनगटं धरली होती.

दोन दिवस. शेजारी कोणी विचारलं तर सांगायचे, टायफॉइड झालाय. आई भरवायची. मला नाकावर बसलेली माशी हाकलता येत नव्हती. मला त्या माशीचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचाच आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.

आणि तू आलीस. एसटी बंद, रस्त्यावर जागोजागी पोलीस, तरी दुधाच्या टेम्पोत बसून, खाकी घालून. ड्युटी नसताना खाकी का, तर वाटेत कोणी अडवू नये म्हणून. आबांच्या फोटोला हात जोडायला आलेली तू आधी माझ्या खोलीत आलीस. दारातच थांबलीस. मग पप्पांना हाक मारलीस.

"बाळू, हे काय?"

"आक्का, ऐकतच न्हाई ती. हात सोलून काडलेत."

"जनावराला पन आपन दावं लांब देतो रे."

तू गाठ सोडायला बसलीस. ती घट्ट बसली होती, तू दातांनी सोडलीस. माझे हात मोकळे झाले आणि मी पहिल्यांदा काय केलं तर धुवायला पळाले. तू अडवलं नाहीस. मोरीच्या दारात उभी राहून बघत राहिलीस, संपेपर्यंत. मग म्हणालीस, "उद्या आपन नगरला जायचं. तू आजारी हायस. आजारी मानसाला डॉक्टरकडं नेत्यात, बांदून ठिवत न्हाईत."

सकाळी कोबी भरून निघालेल्या एका पिकअपमध्ये पुढं आपण दोघी बसलो. नाक्यावर पोलिसानं थांबवलं.

"कुठं निघाला?"

"नगरला. एसटीत हाय मी."

"ही कोण?"

"माझी पोरगी. दवाखान्यात न्यायचीय."

"काय झालंय तिला?"

तू माझ्याकडं बघितलंस. "दाखव गं हात."

मी दाखवले. तो माणूस एक पाऊल मागं सरला आणि बॅरिकेड ओढायला लागला. मला अजून आठवतं, तू त्याला "माझी पोरगी" म्हणालीस. तुला मूल नव्हतं. नवऱ्यानं टाकली तेव्हा तू तेवीस वर्षांची होतीस. ते सगळं तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पण त्या नाक्यावर तू क्षणभर सुद्धा थांबली नाहीस.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी मला हात धुऊ नको असं म्हटलंच नाही. आबांचं काय झालं ते विचारलं, तांब्याचं विचारलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आबांना तू मारलं नाहीस. पण हे मी तुला शंभर वेळा सांगितलं तरी तुझं डोकं ऐकणार नाही, कारण सध्या तेच आजारी आहे. आपण ते बरं करू." तू मध्येच विचारलंस, "बरी व्हती का पर?" त्या म्हणाल्या, "होते. वेळ लागतो. गोळ्या आणि सराव, दोन्ही." तू मान डोलावलीस आणि पुढच्या तारखा वहीत लिहून घेतल्यास, ड्युटीचा तक्ता लिहावा तशा.

सराव म्हणजे काय हे घरात कोणाला समजलं नाही. मी दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग तास. पाच मिनिटं म्हणजे काय असतं हे तुला ठाऊक आहे, तू माझ्या समोर बसली होतीस. मला घाम फुटायचा, मी तुला शिव्या द्यायचे, एकदा तर तुझ्या हाताला चावले. तू मनगटावरचं घड्याळ बघायचीस आणि मला गाडीतल्या गोष्टी सांगायचीस. एका म्हातारीनं पिशवीत कोंबडा लपवून आणला आणि विळद घाटात तो आरवला. सगळी गाडी हसली. म्हातारी तोंड वर करून म्हणाली, "माझ्या नातवाचा मोबाईल वाजतोय." तुझी ही गोष्ट ऐकून मी हसले, आणि हसताना माझ्या लक्षात आलं की पाच मिनिटं होऊन गेली होती. त्या दिवशी तू मला मिठी मारली नाहीस, काही नाही. फक्त म्हणालीस, "उद्या सात."

सगळं घर गोळा करून जे झालं नसतं ते तू एका घड्याळावर केलंस. ते मी विसरले नाही. पुढं जे मी केलं, ते करतानाही विसरले नव्हते, म्हणून ते जास्त वाईट आहे.

एसटी सुरू झाली, तू परत गेलीस. माझ्या गोळ्या आमच्या बाजूला मिळत नव्हत्या. तू नगरहून घ्यायचीस, पाकिटात घालून ड्रायव्हरकडं द्यायचीस, तो दुसऱ्या ड्रायव्हरकडं, आणि काष्टीच्या स्टँडवर मी उभी असायचे. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, एकदाही चुकलं नाही. काही ड्रायव्हर मला नावानं ओळखायचे. "सुमनताईची पोरगी का?" विचारायचे. मी मान हलवायचे.

तात्या मात्र येता-जाता म्हणत राहिले, "येड्याच्या दवाखान्यात नेली. उद्या कोन करील हिला?"

मग कर्जतकडचं ते स्थळ आलं. मी एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा बरा होता, बोलायलाही बरा. घरच्यांनी ठरवलं होतं की दवाखान्याचं काही सांगायचं नाही. मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर मॅडम म्हणायच्या की लपवून ठेवलं की आजार मोठा वाटतो, म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला म्हणायचे. खरं म्हणजे मला लग्नच नको होतं, शिकायचं होतं, आणि ते पप्पांना सांगायची हिंमत नव्हती. मी त्याला म्हटलं, माझं नाव येऊ देऊ नका. त्यानं शब्द पाळला. त्याच्या घरच्यांनी नकार कळवला आणि म्हणाले, तुमच्याच घरातल्या एका बाईनं सांगितलं.

घरातली एक बाई म्हणजे तू, हे ठरवायला आमच्याकडं पाच मिनिटं सुद्धा लागली नाहीत.

तुला बोलावलं. तू ड्युटी संपवून तशीच आलीस, खाकीत, खांद्याला पिशवी. ओसरीत तात्या, पप्पा, आई, भावकीतली दोन माणसं. तुला पाणी सुद्धा कोणी दिलं नाही. तात्या म्हणाले, "सुमे, स्वतःचा संसार झाला न्हाई म्हनून पोरीचा मोडायचा का?" तू म्हणालीस, "मी न्हाई सांगितलं." मग त्यांनी मला पुढं घेतलं.

"तू सांग. तुला काय झालं हुतं का? का हिनं जबरदस्तीनं नेली?"

मी म्हणाले, "मला काही झालं नव्हतं. आत्यानंच नेलं."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात उलटं केलं असेल. काय बोलायला पाहिजे होतं ते मला रोज सुचतं. सगळं सुचतं.

तात्या म्हणाले, या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तू पिशवी उचललीस. पप्पांकडं बघितलंस, ते उठून आत गेले. मग माझ्याजवळ आलीस. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसावी असं वाटत होतं. तू हळू आवाजात विचारलंस, "म्हैन्याच्या गोळ्या हायत ना?"

मी हो म्हटलं. तू गेलीस. स्टँडपर्यंत तुला सोडायला कोणी आलं नाही. पुढच्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट आलं, नेहमीसारखं.

मी शिकले, आत्या. आज मी कर्जतला एका लॅबमध्ये काम करते. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी हाताळते, ग्लोव्ह्ज काढते, नियमाप्रमाणे एकदा हात धुते आणि डबा खाते. हे पहिल्यांदा तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

गेल्या वर्षी मी तुला भेटायला श्रीरामपूरला आले ती माफी मागायलाच. गाडीत सगळं वाक्य पाठ केलं होतं. स्टँडच्या कॅन्टीनमध्ये तू चहा सांगितलास. मी सुरुवात करायच्या आत तूच म्हणालीस, "त्या कर्जतच्या पोराचा फोन आल्ता मला, तवाच, बैठकीच्या आदी. म्हनला, तुमच्यावर आळ येतोय, मी खरं सांगू का त्यास्नी? मी म्हनलं ऱ्हाऊ दे. पोरीला त्या घरात ऱ्हायचंय अजून."

म्हणजे तू ओसरीत आलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मी काय बोलते ते बघायलाही तू आली नव्हतीस. मी जे बोलेन ते घेऊन जायला आली होतीस.

अशा वेळी माणसानं काय करावं? पाय धरावेत, रडावं, काहीतरी. मी म्हणाले, "मी त्यांना सोडणार नाही." पाठ केलेलं वाक्य गिळून टाकलं आणि त्याच्या जागी हे आलं.

"कुनाला?"

"तात्यांना. पप्पांना. त्यांचं तोंड बघायचंय मला, सगळ्या गावासमोर."

"मग बघ की. पर माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठीच."

"रुते, मला गाडी सुटायच्या आदी हिशोब द्यायचाय डेपोत. हे तुजं तुज्यासाठी चाललंय. चा पी."

मी चिडले. चहा टाकून उठले. तू गाडीच्या पायरीवर उभी राहून प्रवाशांना पुढं सरकायला सांगत होतीस, मी वळून बघितलं नाही. फोन होत राहिले आपले, पण त्या विषयावर पुन्हा नाही.

आता दहाव्याचं ऐक.

तुला या उंबऱ्यात येऊ न देणाऱ्यांनी तुझं सगळं रीतीनं केलं. काष्टीच्या चौकात फ्लेक्स लावला. त्यात तू वर कोपऱ्यात, कुठल्या तरी जुन्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि खाली हात जोडलेले तात्या तुझ्या दुप्पट आकाराचे. 'शोकाकुल'च्या यादीत माझंही नाव. घाटावर मंडप, प्रवचन, माईक. पिंडाला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, "सुमनची काई इच्छा ऱ्हायली नव्हती." माझं डोकं तिथंच फिरायला लागलं. तुझी इच्छा काय होती हे त्यातल्या एकीला तरी माहीत होतं का?

तुझ्या डेपोतल्या तिघी आणि एक ड्रायव्हर मामा आले होते, खाकीतच, दुपारची ड्युटी असल्यामुळं. त्यांना मागं बसवलं होतं. शाळेचे गुरुजी एकेकाचं नाव पुकारून श्रद्धांजलीला बोलवत होते. सोसायटीचे, पतसंस्थेचे, तुला एकदाही न भेटलेले. शेवटी तात्या उठले. रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "आमच्या सुमनसाठी या घराचं दार कायम उघडं हुतं."

मी बायकांमधून उठले. आईनं माझी ओढणी धरली, ती तिच्या हातात राहिली. घाटावर बायका बोलत नाहीत, पण गुरुजींनी मला शिकवलं होतं, त्यांनी सवयीनं बाजूला होऊन जागा दिली. मी माईक घेतला आणि म्हणाले, "दार उघडं नव्हतं. बंद कोणी केलं ते मी सांगते."

मग सगळं सांगितलं. अंगणातलं ते वाक्य तात्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. सतरा वर्षांच्या पोरीला आबांच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही खुनी ठरवलंत, म्हणाले. ओढणीचं सांगितलं. दोन दिवस, हे पण सांगितलं. मला कसला आजार होता त्याचं नाव सांगितलं, कुठल्या डॉक्टरकडं जाते ते सांगितलं, आजही गोळी घेते ते सांगितलं. म्हणाले, ज्या गोष्टीसाठी माझ्या आत्याला हाकललंत ती आता सगळ्या तालुक्याला माहीत झाली, घ्या, आता हाकला कोणाला हाकलायचं ते. ते स्थळ मी मोडलं, हेही सांगितलं. बैठकीत मी खोटं बोलले, तेही.

तात्यांनी साऊंडवाल्याला खूण केली. माईक गेला. क्षणभर मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून तुझ्या डेपोतल्या एकजणी, त्या उंच आहेत त्या, उभ्या राहिल्या. "बोल गं, ऐकू येतंय," म्हणाल्या. मग चौघंही उभी राहिली. मी माईकशिवाय पुढचं बोलले. गोळ्यांचं पाकीट कसं यायचं ते सांगताना ते ड्रायव्हर मामा रडायला लागले, कारण ती पाकिटं त्यांनी आणली होती.

आणि मी तात्यांचं तोंड बघितलं, आत्या. नीट बघितलं. कुठं बघावं हे त्यांना सुचत नव्हतं. हातातला रुमाल तसाच होता, त्याची घडी सुद्धा मोडली नव्हती. मला आनंद झाला. तुला खोटं का सांगू. पोटातून, गार पाणी प्याल्यासारखा आनंद झाला. ते जेवायला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. आता म्हणे काष्टीच्या बाजारात कोणीतरी त्यांना विचारतं, "काय तात्या, दार उघडं हाय का?" आणि बाकीचे हसतात. विचारू देत. हसू देत. त्यांनी मला एका वाक्यानं जे दिलं ते त्यांनाही एका वाक्यानं मिळू दे. जन्मभर पुरू दे.

आईचं नाव मी घेतलं नाही. मनगटं कोणी धरली होती हे मी घाटावर गाळलं. घरी आल्यावर तिनं माझी ओढणी घडी करून पुढं ठेवली आणि विचारलं, "माजं का न्हाई सांगितलंस?" मी म्हणाले, "आठवलं नाही." ती म्हणाली, "मला रोज आठवतं." मी पिशवी भरली आणि कर्जतची गाडी धरली. तिचं काय करायचं हे मला समजलेलं नाही. तुला विचारलं असतं.

पप्पांचे त्यानंतर तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. काल चौथा आला. लॅबमध्ये दुपारची वेळ होती, कोणी पेशंट नव्हता. उचलला.

ते म्हणाले, "ऋतुजा, माजं चुकलं."

मी एवढी वर्षं हे ऐकायला थांबले होते. आता ऐकलं तर मला काहीच वाटलं नाही. मी म्हणाले, "मला नका सांगू. आत्याला सांगा."

"आता ती कुठाय?"

"तेच म्हणते मी."

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. मला तो ठेवायचाच नव्हता. पलीकडून कोणी काही म्हणत नाही, हे त्यांना पुरतं ऐकू यावं असं वाटत होतं. ते मोठमोठ्यानं श्वास घेत होते. मी ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, सुमनआत्या, की तुला ते दोन शब्द मीही कधी सांगितले नाहीत.